विश्लेषण : सेकंडहँड महागडे घड्याळ घेताना दोनशे वर्षांपूर्वीचे ब्रेगे का आठवावेत?

नव्या स्विस घड्याळाची किंमत ऐकून अनेक जण सेकंडहँड घड्याळाकडे वळतात. नाव तेच, रूप तेच आणि पैसे कमी. पण खरेदीपूर्वी तीन प्रश्न पडायला हवेत. घड्याळ खरे आहे का? ते किती भरवशाचे चालेल? आणि ते उघडावे लागले, तर खर्च किती येईल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर विक्रेता उत्साहाने देतो, दुसऱ्याचे जरा चाचरत देतो. तिसरा प्रश्न बहुतेक वेळा विचारलाच जात नाही. चावीच्या घड्याळाला पडू शकणारे हे तिन्ही प्रश्न पॅरिसमधील एका घड्याळजीने १८व्या शतकातच ओळखले होते. अब्राहम-लुई ब्रेगे हे त्यांचे नाव. आजच्या मनगटी घड्याळातील अनेक गोष्टींचा उगम त्यांच्या कारखान्यात सापडतो. मात्र जुने घड्याळ घेणाऱ्याला त्यांच्या शोधांइतकाच उपयोगी आहे तो त्यांचा धंदा करण्याचा रिवाज.

ब्रेगे कोण होते?

ब्रेगे यांचा जन्म १० जानेवारी १७४७ रोजी न्यूशातेल येथे झाला. आज हे गाव स्वित्झर्लंडमध्ये आहे. तेव्हा तेथे प्रशियाच्या राजाचा अंमल होता. मुलगा ११ वर्षांचा असताना वडील वारले आणि शाळा लवकरच सुटली. आईने जोसेफ तात्ते यांच्याशी दुसरा विवाह केला. तात्ते यांच्या घरात घड्याळांचा व्यवसाय होता आणि पॅरिसमध्ये त्यांचे दुकान होते. सावत्र वडिलांनी मुलाला या कामाला लावले. १५व्या वर्षी तो व्हर्सायला एका उस्तादाच्या हाताखाली शिकायला गेला.

दिवसा कारखान्यात काम आणि संध्याकाळी पॅरिसच्या कॉलेज माझारँमध्ये गणिताचे वर्ग, असा हा क्रम होता. तेथील गणिताचे शिक्षक ॲबे मारी यांची दरबारात ओळख होती आणि विद्यार्थ्याची चमक त्यांच्या लक्षात आली होती. पुढे राजघराण्यापर्यंत ब्रेगे यांचे नाव पोहोचले, त्यात या शिक्षकाचा मोठा वाटा होता. मधल्या काळात आई आणि सावत्र वडील दोघेही गेले. धाकट्या बहिणीची जबाबदारी तरुण कारागिरावर आली.

१७७५ मध्ये सेसिल लुइलिए यांच्याशी ब्रेगे यांचा विवाह झाला. त्याच वर्षी सीन नदीतील बेटावर, के द लॉर्लोज या रस्त्यावर त्यांनी स्वतःचे दुकान थाटले. फ्रेंचमध्ये या नावाचा अर्थच घड्याळाचा धक्का. दुकान उभारण्यासाठी पत्नीच्या माहेरून आलेल्या पैशांचा हातभार लागला. पाच वर्षांतच पत्नीचे निधन झाले. ब्रेगे यांनी पुन्हा लग्न केले नाही. घर आणि मुलगा अँत्वान-लुई यांचा सांभाळ मेहुणीने केला. ब्रेगे यांचा उरलेला सगळा काळ कारखान्यात गेला.

त्या काळी घड्याळे बिघडत कशाने?

याचे उत्तर आजच्या घड्याळालाही लागू पडते. पहिले कारण तेल. चावीच्या घड्याळात मुख्य स्प्रिंगची ताकद दातेरी चाकांमधून बॅलन्स चाकापर्यंत जाते. बॅलन्स चाक पुढेमागे हेलकावे घेते आणि प्रत्येक हेलकाव्याबरोबर काटे किंचित पुढे सरकतात. या चाकांची टोके केसासारखी बारीक असतात आणि त्यांना अगदी टिपूसभर तेल लागते. ब्रेगे यांच्या काळात हे तेल प्राण्यांच्या चरबीतून किंवा वनस्पतींपासून मिळे. काही काळाने ते घट्ट व्हायचे. मग चाके जड चालायची, घड्याळ मागे पडायचे आणि शेवटी थांबायचे.

आज कृत्रिम तेले वापरली जातात आणि ती कितीतरी अधिक टिकतात, पण तीही कायमची नसतात. आजच्या नेहमीच्या ऑटोमॅटिक घड्याळाचे मशीन ताशी २८,८०० ठोके देते. म्हणजे दिवसाला सहा लाख ९१ हजार २०० आणि वर्षाला २५ कोटींहून अधिक. एवढ्या घर्षणात तेल सुकले तरी घड्याळ लगेच थांबत नाही, आणि खरी गोम इथेच आहे. ते चालत राहते, बऱ्यापैकी वेळही दाखवते. आत मात्र धातूवर धातू घासत असतो. चांगले चालते आहे, मग उघडायचे कशाला, असे म्हणून सर्व्हिसिंग टाळणाऱ्याला पुढे तेल बदलण्याचा नव्हे, तर चाके बदलण्याचा खर्च येतो. विक्रेत्याने घड्याळ चालू असल्याचे दाखवले, यावरून त्याची प्रकृती कळत नाही, ती याचमुळे.

तेलावर मात करण्यासाठी ब्रेगे आयुष्यभर झगडले. चाकांचा वेग टिकटिक करत सोडणारा जो नाजूक भाग असतो, तो तेलाशिवाय चालावा म्हणून त्यांनी वेगळी रचना करून पाहिली. ती बनवायला फार अवघड होती आणि सर्रास वापरात आली नाही. तेल न लागणाऱ्या किंवा कमी लागणाऱ्या यंत्रणेचा हा शोध घड्याळ कंपन्या आजही घेत आहेत.

दुसरे कारण धक्का. बॅलन्स चाक जड आणि त्याची आस बारीक. घड्याळ हातातून निसटले की आसेचे टोक मोडले म्हणून समजायचे. सन १७९०च्या सुमारास ब्रेगे यांनी यावर साधी युक्ती काढली. आसेचे टोक निमुळते केले आणि ज्या खड्यावर ते टेकते, तो खडा ताठ न बसवता एका पातळ स्प्रिंगवर बसवला. धक्का बसला की खडा किंचित सरकतो आणि पुन्हा जागेवर येतो. या रचनेला त्यांनी पॅर-शूट असे नाव दिले. मुत्सद्दी ताल्लेरां यांच्या घरच्या मेजवानीत ब्रेगे यांनी असे घड्याळ सर्वांसमोर जमिनीवर टाकले आणि ते चालतच राहिले, अशी आख्यायिका सांगितली जाते. खरी असो वा नसो, जाहिरात म्हणून ती उत्तम आहे. १९३०च्या दशकात मनगटी घड्याळांत रूढ झालेली धक्का झेलणारी व्यवस्था याच कल्पनेवर उभी आहे.

तिसरे कारण चावी. रोज किल्ली लावून चावी द्यायची, म्हणजे केसला भोक आणि भोकातून धूळ. १७८०च्या आसपास ब्रेगे यांनी चालण्याच्या हालचालीने आपोआप चावी बसणारी खिशातली घड्याळे विकायला सुरुवात केली. आत प्लॅटिनमचे वजन हेलकावे घेई आणि स्प्रिंग गुंडाळली जाई. आपोआप चावी बसवण्याची कल्पना केवळ त्यांची नव्हती, इतरही कारागीर त्या मागे होते. पण ती भरवशाने चालवून दाखवली ती ब्रेगे यांनी. ऑर्लेयाँचे ड्यूक आणि राणी मारी आंत्वानेत हे त्यांचे सुरुवातीचे ग्राहक.

क्रांतीच्या काळात घड्याळजीचे काय झाले?

राजदरबार हाच ग्राहक असलेल्या माणसावर फ्रेंच राज्यक्रांतीत काय ओढवले असेल, याची कल्पना करता येते. उधारीवर घड्याळे नेलेले सरदार परदेशी पळाले किंवा गिलोटिनखाली गेले. १७८७ मध्ये झालेली झाविए जिद यांच्याबरोबरची भागीदारी १७९१ मध्ये मोडली. ब्रेगे स्वतः सुधारणावादी विचारांचे होते, क्रांतिकारक नेते जाँ-पॉल मारा हे त्यांचे मित्र होते. पण दरबारी माणूस हा शिक्का पुसणे सोपे नव्हते. १७९३ मध्ये ते कुटुंबासह पॅरिस सोडून निघाले. देशाबाहेर जाण्याचा परवाना मिळवण्यात मारा यांची मदत झाली, असे मानले जाते.

पुढची दोन वर्षे जिनिव्हा, न्यूशातेल आणि ल लोक्ल येथे गेली. मोठा कारखाना नाही, मोजके कारागीर आणि राजेरजवाडे नसलेला बाजार. १७९५ मध्ये ते पॅरिसला परतले, तेव्हा जुनी घडी विस्कटलेली होती. हातात कल्पना मात्र भरपूर होत्या. हेअरस्प्रिंगचे बाहेरचे टोक वर उचलून आत वळवण्याची त्यांची रचना याच काळातली. स्प्रिंग त्यामुळे सर्व बाजूंनी सारखी उघडते व मिटते आणि वेळ अचूक राहते. आजही घड्याळाच्या माहितीपत्रकात ब्रेगे स्प्रिंग असा उल्लेख दिसतो, तो हाच.

सर्वांत साधे घड्याळ सर्वांत महत्त्वाचे कसे ठरले?

दरबार संपला होता, पण पैसे बाळगणारा नवा वर्ग उदयाला येत होता. त्यांच्यासाठी ब्रेगे यांनी जे घड्याळ काढले, ते त्यांच्या सर्व कामांत कदाचित सर्वांत शहाणपणाचे होते. त्याला नाव मिळाले सूस्क्रिप्सियाँ, म्हणजे वर्गणीचे घड्याळ. किंमत ६०० लिव्र. त्यातील एक चतुर्थांश रक्कम मागणी नोंदवतानाच द्यायची. त्या पैशांतून माल घ्यायचा आणि घड्याळे एका धाटणीची, गटागटाने बनवायची. ग्राहकाने आगाऊ पैसे भरून वस्तूची वाट पाहण्याची आजची प्री-बुकिंगची पद्धत यापेक्षा फारशी निराळी नाही.

घड्याळ तब्बल ६१ मिलिमीटर व्यासाचे, पांढऱ्या इनॅमलच्या तबकडीचे आणि एकाच काट्याचे होते. दोन तासांच्या आकड्यांमध्ये पाच-पाच मिनिटांच्या खुणा. काटा खुणेवर आहे की दोन खुणांच्या मधे, एवढे पाहिले की वेळ कळते. मिनिटकाटा नाही, म्हणजे तो फिरवणारी चाके नाहीत. चाके कमी, म्हणजे घर्षण कमी आणि बिघडण्याच्या जागाही कमी. मशीन मोठे आणि मोकळे असल्याने उघडणे, साफ करणे आणि पुन्हा जुळवणे तुलनेने सोपे. या प्रकारची सुमारे ७०० घड्याळे विकली गेली. ज्या काळी एकेक घड्याळ स्वतंत्रपणे बनत असे, त्या काळी हा आकडा मोठा होता.

सेकंडहँड घड्याळ पाहताना हा धडा फार कामाचा आहे. फक्त तास, मिनिट, सेकंद आणि फार तर तारीख दाखवणारे ऑटोमॅटिक मशीन दुरुस्त करू शकणारे हात पुष्कळ असतात, त्याचे सुटे भाग मिळतात आणि सर्व्हिसिंगचे दरही आटोक्यात राहतात. घड्याळात स्टॉपवॉच आले की सुटे भाग वाढतात आणि दर चढतो. लीप वर्षासकट तारीख आपोआप बदलणारे पर्पेच्युअल कॅलेंडर किंवा ठोके देऊन वेळ सांगणारे मिनिट रिपीटर असेल, तर ते बहुधा कंपनीच्या मूळ कारखान्यातच पाठवावे लागते. तेथे महिनोन्‌महिने लागतात आणि बिल पाहून साधे नवे घड्याळ आले असते, असे वाटते. सेकंडहँड बाजारात गुंतागुंतीचे घड्याळ कधी कधी आश्चर्य वाटावे इतके स्वस्त दिसते, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असते. खरेदीची किंमत उतरते, सर्व्हिसिंगची उतरत नाही.

टूर्बियाँ काय आहे आणि ते इतके महाग का?

गुंतागुंतीचा मोह ब्रेगे यांनाही होताच. खिशातले घड्याळ दिवसभर उभे राहते. अशा स्थितीत बॅलन्स चाकाचे वजन एका बाजूला तसूभर जास्त असेल, तर गुरुत्वाकर्षणामुळे घड्याळ पुढे किंवा मागे पडते. ब्रेगे यांनी बॅलन्स आणि त्याला जोडलेले भाग एका छोट्या पिंजऱ्यात बसवले आणि तो पिंजराच ठरावीक वेळात एक फेरा घेईल अशी सोय केली. त्यामुळे एका स्थितीत झालेली चूक पुढच्या स्थितीत भरून निघते. हे टूर्बियाँ. त्याचे पेटंट २६ जून १८०१ रोजी १० वर्षांसाठी मिळाले.

कल्पना देखणी, पण बनवणे महाकठीण. विक्रीस योग्य घड्याळे तयार व्हायला आणखी काही वर्षे गेली आणि ब्रेगे यांच्या हयातीत अशी जेमतेम ३५ घड्याळे विकली गेली. मनगटावरचे घड्याळ तर दिवसभरात सतत दिशा बदलते, त्यामुळे तेथे टूर्बियाँचा उपयोग मुळातच कमी. आज ते दिमाखासाठी घेतले जाते, आणि घेणाऱ्याने ते तसेच समजून घ्यावे. अचूकतेसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

गुंतागुंतीचा कळस म्हणजे १६० क्रमांकाचे घड्याळ. १७८३ मध्ये राणीच्या रक्षकदलातील एका अधिकाऱ्याने ते मागवले. अट अशी, की त्या काळी माहीत असलेली प्रत्येक करामत त्यात हवी. वेळेचे बंधन नाही, खर्चाचे नाही आणि जेथे शक्य तेथे सोने वापरायचे. १७९३ मध्ये राणीला गिलोटिनवर चढवण्यात आले. ब्रेगे १८२३ मध्ये वारले. घड्याळ पूर्ण झाले १८२७ मध्ये, त्यांच्या मुलाच्या हातून. मागणी आणि पूर्तता यांत ४४ वर्षे गेली आणि ज्यांच्यासाठी ते होते, त्या राणीने ते कधी पाहिलेही नाही.

नकली माल तेव्हाही होता का?

भरपूर. ब्रेगे यांचे नाव युरोपभर झाले तसे ते नाव कोरलेली बनावट घड्याळेही बाजारात आली. टोकाशी पोकळ वर्तुळ असलेले त्यांचे निळसर काटे, बारीक रेघांनी नक्षी काढलेली तबकडी, सडपातळ केस हे सगळे उचलणे सोपे होते. नाव कोरणे तर त्याहून सोपे. म्हणून १७९५च्या सुमारापासून त्यांनी तबकडीवर गुप्त सही घालायला सुरुवात केली. बाराच्या आकड्याजवळ ती इतक्या पुसट रेघेत असे, की तबकडी तिरप्या प्रकाशात धरली तरच दिसे. मोठे अक्षर लहान करून उतरवणाऱ्या यंत्राच्या साहाय्याने ती कोरली जाई. अर्थात नकली करणारेही मागे राहिले नाहीत.

खरी पकड बसली ती वह्यांमुळे. प्रत्येक घड्याळाला क्रमांक. विक्रीच्या नोंदवहीत क्रमांकापुढे घड्याळाचे वर्णन, घेणाऱ्याचे नाव, तारीख आणि किंमत. दुरुस्तीला आले की त्याची वेगळी नोंद. १७८७ पासूनच्या विक्रीच्या वह्या आजही कंपनीकडे आहेत. जुने ब्रेगे घड्याळ विकायला निघाले की क्रमांक आणि वर्णन वहीशी ताडून पाहिले जाते. जुळले नाही, तर तबकडी कितीही सुंदर असो, लिलावगृहे हात आखडता घेतात.

घड्याळाचे मशीन खरे आणि चेहरा खोटा, हा प्रकार मुंबईला नवा नाही. एचएमटी, फाव्रे-ल्यूबा, सेको यांची जुनी मशीन घेऊन, तबकडी नव्याने रंगवून, भडक रंगात विकली जाणारी घड्याळे जगभरच्या संग्राहकांमध्ये मुंबई स्पेशल या नावानेच ओळखली जातात. स्वस्त घड्याळात ही गंमत ठरते. लाखांच्या घड्याळात मात्र तबकडी बदललेली असणे म्हणजे किमतीला मोठी कात्री. कधी कधी तर हा बदल अधिकृत सर्व्हिसिंगमध्येच झालेला असतो. डागाळलेली जुनी तबकडी काढून कंपनी नवी बसवते, केस पॉलिश करून चकचकीत करते. रोज वापरणाऱ्याला ते बरे वाटते. संग्राहक मात्र झिजलेल्या कडा पाहून नाक मुरडतो. म्हणून सर्व्हिसिंग झाले आहे, एवढे ऐकून थांबू नये. काय बदलले आणि काढलेले भाग कुठे आहेत, हेही विचारावे.

बदल केलेले प्रत्येक घड्याळ मात्र कमअस्सल नसते, हेही ब्रेगे यांनीच दाखवले. लंडनचे थोर घड्याळजी जॉन अर्नोल्ड हे त्यांचे स्नेही. अर्नोल्ड यांच्या निधनानंतर ब्रेगे यांनी त्यांच्याच एका जुन्या क्रोनोमीटरमध्ये स्वतःचे टूर्बियाँ बसवले आणि १८०८ मध्ये ते अर्नोल्ड यांच्या मुलाला भेट दिले. हे घड्याळ आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. बदल कोणी केला, केव्हा आणि कशासाठी, हे घड्याळावरच कोरलेले आहे. लपवलेला बदल आणि नोंदवलेला बदल यांत हाच फरक.

मोठेपणाच्या काळात ब्रेगे कसे होते?

१७९८ मध्ये इजिप्तच्या मोहिमेवर निघण्यापूर्वी सेनापती नेपोलियन बोनापार्ट यांनी ब्रेगे यांच्याकडून तीन वस्तू घेतल्या; त्यांत प्रवासात नेता येईल असे तारीखवार दाखवणारे एक घड्याळ होते. पुढच्या दोन दशकांत रशियाचा झार, तुर्कस्तानचा दरबार, इंग्लंडचा राजा असे ग्राहक जोडले गेले. १८०७ मध्ये मुलगा भागीदार झाला. १८१५ मध्ये शाही नौदलाचे घड्याळजी हे पद आणि १८१६ मध्ये विज्ञान अकादमीचे सदस्यत्व मिळाले. नौदलाचे काम मानापेक्षा जोखमीचे होते. समुद्रावर रेखांश काढायचा, तर जहाजावरचे घड्याळ बरोबर हवे; तेथील चूक म्हणजे खडकावर आपटणे. १७ सप्टेंबर १८२३ रोजी, ७६व्या वर्षी, त्यांचे पॅरिसमध्ये निधन झाले. पेर लाशेज स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे. मुलानंतर नातू लुई-क्लेमाँ यांनी सूत्रे घेतली, पण त्यांचा ओढा तारायंत्राकडे होता. १८७० मध्ये घड्याळांचा व्यवसाय कारखान्याचे प्रमुख एडवर्ड ब्राउन यांच्याकडे गेला. १९९९ पासून ही कंपनी स्वॉच समूहाकडे आहे. मालक बदलत गेले, वह्या मात्र सोबत राहिल्या.

१६० क्रमांकाच्या घड्याळाचा प्रवास याहून नाट्यमय आहे. १८३८ मध्ये मार्की द ला ग्रोय यांनी ते दुरुस्तीसाठी कंपनीत आणून दिले आणि परत नेलेच नाही. पुढे १८८७ मध्ये कंपनीने ते ६०० पौंडांना विकले. १९१७ मध्ये ते ब्रिटिश संग्राहक सर डेव्हिड सालोमन्स यांच्याकडे आले आणि त्यांच्या मुलीमुळे जेरुसलेमच्या संग्रहालयात पोहोचले. १९८३ मध्ये तेथे चोरी झाली. शंभराहून अधिक घड्याळे गेली, त्यांत हेही होते. दोन तपांनंतर, चोर मरण पावल्यावर, ते परत मिळाले.

मग सर्व्हिसिंगचा खर्च किती धरावा?

ठरावीक आकडा कोणी देऊ नये. पण हिशेब कसा करावा, हे ब्रेगे यांच्याच वहीतून कळते. नेपोलियनची बहीण आणि नेपल्सची राणी कॅरोलिन म्युरा या ब्रेगे यांच्या मोठ्या ग्राहक. ३० हून अधिक घड्याळे त्यांनी घेतली. ८ जून १८१० रोजी त्यांनी मनगटावर बांधता येईल असे घड्याळ मागवले. लांबट, अतिशय पातळ, ठोके देणारे, थर्मामीटर असलेले आणि केस व सोन्याचे धागे विणून केलेल्या पट्ट्याचे. ठरलेली किंमत पाच हजार फ्रँक. १७ जणांचे हात लागले आणि डिसेंबर १८१२ मध्ये ते पूर्ण झाले. क्रमांक २६३९. मनगटासाठी बनवलेले हे पहिले घड्याळ मानले जाते.

१८४९ मध्ये राणीची मुलगी काउंटेस रास्पोनी हे घड्याळ दुरुस्तीला घेऊन आली. आसांच्या टोकांना पॉलिश, थर्मामीटर पुन्हा जुळवणे, ठोक्यांची यंत्रणा सुरू करणे, तबकडी ठीक करणे आणि प्रत्येक भाग तपासणे असे काम झाले. बिल ८० फ्रँक. मूळ किमतीच्या दोन टक्क्यांहूनही कमी.

हे प्रमाण आज स्वप्नवत वाटेल. कुशल हात आता दुर्मिळ आणि महाग झाले आहेत. सेकंडहँड घड्याळाची किंमत जितकी कमी, तितका सर्व्हिसिंगचा वाटा त्यात मोठा. वेगवेगळ्या कंपन्या तीन ते १० वर्षांनी पूर्ण सर्व्हिसिंग करायला सांगतात. मागच्या कामाची पावती नसेल, तर ते झालेलेच नाही असे धरावे आणि त्याचे पैसे किमतीत मिळवूनच सौदा करावा. खरेदीपूर्वी त्याच मॉडेलच्या पूर्ण सर्व्हिसिंगचा दर अधिकृत केंद्रात आणि एखाद्या जाणत्या घड्याळजीकडे विचारला, तर फोनचा खर्चही फारसा नाही. सुटे भाग कंपनी बाहेरच्या कारागिराला देते का, हेही तेव्हाच कळते. अनेक कंपन्या देत नाहीत आणि मग स्वस्त पर्याय उरतच नाही.

घड्याळ हातात आल्यावर ते ठोके मोजणाऱ्या यंत्रावर ठेवायला सांगावे. दिवसाला किती सेकंद पुढे-मागे, एवढेच त्यावर पाहिले जाते. पण बॅलन्सचा हेलकावा किती अंशांचा, हा आकडा अधिक बोलका असतो. पूर्ण चावी दिल्यावर तो साधारण २७० ते ३१० अंशांच्या दरम्यान असेल, तर प्रकृती ठीक. २००च्या आसपास घुटमळत असेल, तर तेल सुकल्याची शंका घ्यावी, काटे कितीही बरोबर असोत. यंत्रावर घड्याळ आडवे आणि उभे, दोन्ही प्रकारे धरून पाहावे. टूर्बियाँ ज्या दुखण्यासाठी निघाले, ते तेथे आकड्यांत दिसते. पाणी न शिरण्याची हमी मात्र जुन्या घड्याळाबाबत विसरावी. रबरी वायसर नवे बसवून दाबाखाली तपासल्याशिवाय ते घालून पोहायला जाऊ नये.

काउंटेस रास्पोनी यांनी ते घड्याळ १८५५ मध्ये पुन्हा एकदा ब्रेगे यांच्या दुकानात आणले. त्याची नोंद वहीत आहे. त्यानंतर २६३९ क्रमांकाचा माग लागत नाही. जगातल्या कोणत्याही ज्ञात संग्रहात ते घड्याळ नाही आणि त्याचे चित्रही उपलब्ध नाही. ते कसे दिसत होते, त्यात काय होते, केव्हा बिघडले आणि दुरुस्तीला किती पैसे पडले, हे सगळे माहीत आहे ते दुकानातल्या त्या नोंदींमुळे.